पावसात फिरायला नेता, पण सिकलसेलचं विचारलं का?

आषाढ लागला की आमच्या विहारातल्या महिला मंडळात एक विषय हमखास निघतो. "सिस्टर, यंदा कुठं नेता आम्हाले?" पावसाळ्यातला एक रविवार धरायचा आणि बायका-मुलींनी मिळून डोंगराकडे पायी फिरायला जायचं, हा आमचा काही वर्षांचा रिवाज आहे. दवाखान्यातली नोकरी सोडून मी वस्त्यांमध्ये आरोग्याचं काम करू लागले त्याला बरीच वर्षं झाली, तरी लोकांच्या तोंडी 'सिस्टर'च राहिले.

हे फिरणं बंद व्हावं म्हणून मी लिहीत नाही, हे आधीच सांगते. आपल्या बायका पावसात कमी भिजतात असं कुठं आहे? सोयाबीनचं निंदण असो की कपाशीचं, डोक्यावरून पन्नी घेऊन दिवसदिवस वाकलेल्या असतात. पण ते मजुरीचं भिजणं. हातात खुरपं नाही, डोक्यावर भारा नाही, मुकादमाची हाक नाही, आणि तरी ओल्या रानातून चाललो आहोत, हा अनुभव चाळिशी-पन्नाशीच्या कितीतरी जणींना पहिल्यांदाच आमच्या सहलीत आला. गाडीवाले चिखलदऱ्याला जातात, धुक्यात फोटो काढतात, भुट्टा खातात आणि परत येतात. आम्ही चालतो. चालण्याने गुडघे धरतात म्हणणाऱ्या बाया उतरताना गाणी म्हणत उतरतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

आमच्या एका ज्येष्ठ उपासिकेने हरकतही घेतली होती. "वर्षावासात घर सोडून कुठं निघता व माय?" तिचा मान ठेवून मी सांगितलं, तीन महिने एका जागी राहण्याचा नियम भिक्खूंसाठी आहे. पावसाळ्यात ते फिरत राहिले की कोवळं गवत आणि बारीक जीव तुडवले जातात, अशी लोकांची तक्रार आली, म्हणून तो झाला असं विनयात आहे. आणि त्याच नियमात सवलतही आहे. आई-वडील किंवा सोबतचा भिक्खू आजारी असेल तर सात दिवसांपर्यंत बाहेर जाता येतं. ही सवलत मला फार आवडते. नियम पाळा, पण आजारी माणसाला विसरू नका. मागच्या वर्षी आम्ही नेमकं तेच विसरलो, आणि विसरणाऱ्यांत पहिली मी होते.

जायचं होतं नरनाळ्याला. अकोल्याहून अकोट, तिथून पोपटखेडवरून शहानूर. अमरावतीच्या मैत्रिणी परतवाडा, अंजनगाव करत अकोटात येऊन मिळाल्या. नरनाळा म्हणजे एक किल्ला नाही, जाफराबाद, नरनाळा आणि तेलियागड असे तीन मिळून तो झाला आहे. मेळघाटच्या जंगलात असल्यामुळे वनखात्याच्या नाक्यावर नोंद करून वर जावं लागतं. वरपर्यंत गाडीरस्ता आहे, पण आम्ही पायी निघालो. पंधराव्या शतकातला कोरीव महाकाली दरवाजा बघायचा, तळ्याच्या काठी भाकर-ठेचा खायचा आणि चारच्या आत उतरायचं, असं ठरलं होतं.

अर्ध्या वाटेवर पावसाने गाठलं. साधा पाऊस नव्हता, वाऱ्यासकट तिरपा झोडपणारा. मंडळी खुश. "भिजण्यातच मजा आहे" म्हणणाऱ्यांत मीही होते. एक सतरा वर्षांची मुलगी मागे पडत होती. पाय दुखतात म्हणाली. मी म्हटलं, मोबाइल पाहून पाहून चालायची सवय मोडली तुमची. वर पोचलो तेव्हा ती दरवाजाच्या भिंतीला पाठ लावून बसली होती. ओठ सुकलेले, अंगावर ओला सलवार-कुर्ता, थरथर सुटलेली, आणि मांड्या दोन्ही हातांनी दाबत रडत होती. पाणी किती प्यायलीस विचारलं तर सकाळपासून चहाचा एक कप. "रस्त्यात बाथरूम नसते ना सिस्टर." डोळ्यांची खालची पापणी ओढून पाहिली तर पांढरीफटक, आणि बुबुळाभोवती पिवळसर झाक. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कानाशी जाऊन विचारलं, "तुला सिकलसेल आहे का बाई?" तिने आधी आजूबाजूला पाहिलं, मग मान हलवली.

आजूबाजूला का पाहिलं, ते नंतर कळलं. तिला बघायला येणाऱ्या घरातली एक आत्या आमच्यासोबत चालत होती. आईने घरून निघताना बजावलं होतं, कोणाजवळ बोलायचं नाही.

ओले कपडे काढून दोघींच्या कोरड्या ओढण्या आणि एकीची शाल गुंडाळली, थर्मासमधला गरम चहा आणि पाणी घोट घोट पाजलं. गाडीने खाली उतरणाऱ्या एका कुटुंबाने जागा करून दिली. सरकारी दवाखान्यात सलाईन, दुखण्याची औषधं, दोन दिवस मुक्काम. पोरगी बरी झाली. तिथे एकजण म्हणालं, "एवढं काय दुखते, नाटक करते." मला राग आला आणि शरमही वाटली. नोकरीच्या पहिल्या वर्षांत असे रुग्ण महिन्या-महिन्याला यायचे तेव्हा हेच वाक्य मीही बोलले आहे. सिकलसेलचं दुखणं बाहेरून दिसत नाही. सूज नाही, जखम नाही. पण हाडाच्या आत रक्त अडलेलं असतं, आणि बाळंतपण झालेल्या बायाही सांगतात की त्या कळांपेक्षा हे वाईट.

असं का होतं? या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात आणि बारीक रक्तवाहिन्यांमध्ये अडकतात. अंगातलं पाणी कमी झालं, थंडी वाजली, अतिश्रम झाले, ताप आला की हे वाकणं वाढतं. थंडीने कातडीखालच्या रक्तवाहिन्या आकसतात, म्हणजे वाट आणखी अरुंद. आता आमची सहल आठवून बघा. सकाळपासून पाणी नाही, चढण, गार पाऊस, ओल्या कपड्यांवर वारा. दुखणं उठवायला जे जे लागतं ते सगळं आम्ही तिच्यासाठी जमवून ठेवलं होतं. शिवाय पावसाळ्यात मलेरिया. सिकलसेलच्या रुग्णाला तो जड जातो, म्हणून मेळघाटाच्या बाजूला जाऊन आल्यावर ताप आला तर दुसऱ्या दिवसाची वाट पाहू नये.

हा आजार आपल्याकडे नवा नाही. शुक्ला आणि सोळंकी यांनी मध्य भारतातल्या सिकलसेलबद्दल 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं ते 1958 साली. विदर्भात आदिवासींमध्ये आणि आपल्या समाजात तो जास्त आढळतो, हे प्रत्येक डॉक्टरला माहीत आहे. केंद्र सरकारने 1 जुलै 2023 ला सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू केलं. प्राथमिक आरोग्य केंद्रात साधी तपासणी फुकट होते, पक्कं निदान पुढच्या तपासणीने होतं. तरी आमच्या चाळीस बायकांच्या गटात, जिथे संविधानावर तास-तास चर्चा होते, एकीनेही निघताना विचारलं नाही की कोणाला सिकलसेल आहे का. बीपी, शुगर विचारलं. कारण बीपीने लग्न मोडत नाही.

माझं भांडण इथे आहे. लपवून लग्न जुळतं, पण आजार लपून राहत नाही. वाहक असणं म्हणजे आजारी असणं नाही. वाहक माणूस चालतो, राबतो, सहसा त्याला काही त्रास होत नाही. फक्त पाणी न पिता अतिश्रम त्यानेही करू नयेत. पण दोघंही वाहक असले तर प्रत्येक बाळंतपणात आजारी मूल होण्याची शक्यता 25 टक्के. एवढं गणित लग्नाआधी मांडायचं असतं. मांडतं कोण? पत्रिका बघायचं आपण सोडलं, ते चांगलंच केलं. तिच्या जागी रक्ताचा रिपोर्ट बघायला काय हरकत आहे? आणि बघायचा तो मुलाचाही. मी पाहते तिथे मुलीचाच मागतात, मुलाकडून मागितला की "आमच्या पोराले काय झालं?"

घटनेनंतर मंडळात एक सूचना आली, ज्यांना सिकलसेल आहे त्यांना न्यायचंच नाही, कशाला जोखीम. मी कडाडून विरोध केला. असं ठरवलं की पुढच्या वेळी सगळ्याच जणी लपवतील. शिवाय नियमित औषध घेणारी, पाणी पिणारी, कोरडी राहणारी सिकलसेलची मुलगी कमी अंतर आरामात चालू शकते. हायड्रॉक्सीयुरिया डॉक्टरांच्या देखरेखीत घेतल्याने दुखण्याचे झटके कमी होतात, हे मी अनेक घरांत पाहिलं. घरात कोंडून ठेवणं हा इलाज नाही.

मग बदलायचं काय? आम्ही बदललं ते सांगते. नाव नोंदवताना मी प्रत्येकीशी एकटीने दोन मिनिटं बोलते, वहीत काही लिहीत नाही. अंतर निम्मं केलं, आणि गट सगळ्यात हळू चालणारीच्या चालीने चालतो. प्रत्येकीजवळ दोन लिटर पाणी आणि प्लास्टिकच्या पिशवीत बांधलेला एक कोरडा जोड, रेनकोट नसला तरी चालेल पण कोरडा जोड हवाच. पाऊस आला की आडोसा बघायचा, मात्र वीज कडाडत असेल तर झाडाखाली नाही. नाल्याला पाणी चढलं असेल तर उतरेपर्यंत थांबायचं. दुखायला लागलं की बर्फ किंवा गार पाण्याची पट्टी नको, ऊब द्यायची, पाणी पाजायचं. छातीत दुखलं, दम लागला, 101 च्या वर ताप गेला किंवा एका बाजूचा हातपाय लुळा वाटला तर थेट दवाखाना. साप चावला तर बांधणं-कापणं नाही, तसाच दवाखाना.

आणि बाथरूम. जागा ठरवायला गेलो की मी आता देखावा नंतर बघते, आधी बायकांसाठी शौचालय आहे का ते बघते. बायका पाणी पीत नाहीत ते लाजेने नाही, सोय नाही म्हणून. पर्यटन म्हणून कोट्यवधींच्या गोष्टी बोलणाऱ्यांनी पायवाटेच्या सुरुवातीला एक बंद होणारं दार आणि पाण्याचा नळ द्यावा, असं निवेदन आम्ही तयार केलं आहे. सह्या जमा होत आहेत. पुरुषांनीही कराव्यात, घरी निघताना थर्मास त्यांच्याच हातात असतो.

यंदा अमरावतीत छत्री तलावाच्या बाजूला जायचं ठरलं आहे. अंतर थोडं, सपाट, आणि रिक्षा जवळ. नोंदणी सुरू झाली त्या दिवशी ती मुलगी आईला घेऊन आली. ते लग्न जुळलं नाही, ती आता कॉलेजच्या पहिल्या वर्षाला आहे. आई माझ्याशी वर्षभर बोलली नव्हती. वही पुढे केली तर म्हणाली, "सिस्टर, हिचं नाव लिहा. अन् माझंही लिहा. मी बी तपासून घेतलं, धाकट्याचंही करायचं आहे, कुठं नेऊ?"