मालावरील छाप

गेल्या स्नेहसंमेलनाच्या वेळीं आमच्या वर्गांतील मुलांनीं लिंबाच्या सरबताचें दुकान थाटलें होतें. दुकानास नांव कोणतें द्यावें, यावर तीन दिवस वाद झाला. पाटी चार रंगांनीं रंगविली गेली. पहिल्या दिवशीं गर्दी लोटली. गर्दी पाहून सरबतांत पाणी वाढलें, आणि दुसऱ्या दिवशीं त्या सुंदर पाटीखालीं तीं मुलेंच तेवढीं उभीं राहिलीं. ‘नांव सोनूबाई, हातीं कथलाचा वाळा’ ही म्हण त्यांस निराळी शिकवावी लागली नाहीं.

धंदा काढूं पाहणाऱ्या तरुणांस हल्लीं प्रथम नांव, चिन्ह व जाहिरात हींच सुचतात. आमच्या मतें हा क्रम उलटा आहे.

कै. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांचें उदाहरण पाहावें. इ. स. १८८८ मध्यें त्यांनीं बेळगांवीं सायकलींचें दुकान काढलें. पुढें ते कडबा कापण्याचीं यंत्रें व लोखंडी नांगर करूं लागले. लोखंडानें जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर खपण्यास दोन वर्षें लागलीं, असें सांगतात. परंतु नांगर जमिनींत खोल गेला, पीक वाढलें, आणि मग जें घराण्याचें आडनांव होतें तेंच मालाची छाप झालें. इ. स. १९१० मध्यें औंध संस्थानांतील माळरानावर किर्लोस्करवाडी वसली.

कोणी म्हणेल, चांगला माल कोपऱ्यांत पडून राहिला तर त्याचा उपयोग काय? हें म्हणणें खरें आहे. म्हणूनच इ. स. १९२० मध्यें शंकरराव किर्लोस्कर यांनीं ‘किर्लोस्कर खबर’ हें मासिक काढून कारखान्याची व मालाची माहिती लोकांपर्यंत नेली. मात्र आधीं नांगर झाला, मग खबर निघाली, हें विसरूं नये. जाहिरात ही दिवा आहे. घरांत कांहीं नसेल, तर दिव्यानें रिकामें घरच अधिक स्पष्ट दिसेल.

आज १९९९ च्या कायद्यान्वयें व्यापारचिन्हाची नोंदणी करितां येते. ती दहा वर्षें टिकते व पुढें नूतन करितां येते. ती अवश्य करावी. तिच्या योगें दुसऱ्यानें आपलें नांव चोरूं नये, एवढें साधतें. परंतु आपणच आपलें नांव बुडवूं लागलों, तर कोणता कायदा आडवा येणार?

पालकांस आमची एक विनंती आहे. मुलगा अथवा मुलगी धंदा काढतों म्हणाली, तर लगेच नोकरीचा उपदेश करूं नका. भांडवल देण्यापूर्वीं इतकेंच विचारा: “माल खराब निघाला, तर तो परत घेण्याची तुझी तयारी आहे काय?” या प्रश्नाचें उत्तर मिळालें, म्हणजे छाप कशी उमटेल तें सांगावें लागणार नाहीं.

त्या मुलांनीं तिसऱ्या दिवशीं पाटी तीच ठेविली, लिंबें दुप्पट आणलीं, आणि आदल्या दिवसांच्या गिऱ्हाइकांस शोधून एकएक पेला फुकट दिला. नफा कांहीं उरला नाहीं. परंतु यंदा संमेलनापूर्वींच शाळेंत विचारणा होऊं लागली आहे कीं, “तें दुकान पुन्हां लागणार ना?” मुलांनो, छाप म्हणतात ती हीच.