वरातीतला अँथनी

कंडक्टर म्हटला की आम्हां मोडनिंबकरांच्या डोळ्यांपुढे एकच मूर्ती उभी राहते. खाकी पोशाख, खांद्याला पिशवी, हातात तिकिटांचे यंत्र आणि तोंडाने 'आत सरका, आत सरका' असा अखंड जप. त्यामुळे यंदाच्या दिवाळी अंकातल्या या सदरासाठी 'वाद्यवृंदाच्या एखाद्या कंडक्टरवर लिहा' असे संपादकांनी सुचविले, तेव्हा आमच्या माजघरातून पहिला प्रश्न आला तो असा : "अहो, पण एस.टी.त वाद्यवृंद कधीपासून निघाला?"

सौभाग्यवतींचा हा प्रश्न वाटतो तितका वेडगळ नाही. आपल्या संगीतात या माणसाला जागाच नाही. गवई गातो, तबलजी ठेका धरतो, पेटीवाला मागोमाग जातो. आणि कोणाचे बिनसलेच, तर डोळ्यांनी दटावण्याचे कामही गवईच करतो. हातात काठी घेऊन, श्रोत्यांकडे पाठ फिरवून, स्वतः एकही सूर न काढता उभा राहणारा गृहस्थ सगळ्या मानाचा धनी कसा, हे आपल्या गळी सहज उतरत नाही.

माझ्या गळी ते उतरले तेही सभागृहात नव्हे, आषाढीच्या वाटेवर. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी आमच्या जिल्ह्यातून नातेपुते, माळशिरस, वेळापूर अशी पंढरपुराकडे सरकते. मुक्कामावर पोचली की समाज-आरतीला दिंड्या पालखीभोवती उभ्या राहतात. टाळांचा असा कल्लोळ चाललेला असतो की शेजाऱ्याला हाक मारावी तर आपल्यालाच ऐकू येऊ नये. तेवढ्यात चोपदार हातातला दंड वर उचलतो. झाले! क्षणात सारे चिडीचूप. ज्या दिंडीची काही तक्रार असेल तेवढ्या दिंडीचे टाळ वाजत राहतात, आणि चोपदार नेमका तिकडे वळतो. शंभर वाद्यांतून एक बरोबर वेचून ऐकणारा कान आणि शंभरांना एका क्षणी थांबवणारा हात, एवढे ध्यानात आले म्हणजे पाश्चात्यांचा कंडक्टर कळला. उरलेले तपशील.

आता या विद्येतला आपल्याकडचा सर्वांत मोठा पुरुष म्हणजे झुबिन मेहता, हे शाळकरी पोरही सांगेल. वडील मेहली मेहता यांनी १९३५ साली मुंबईत वाद्यवृंद उभा केला, पुढच्याच वर्षी झुबिनचा जन्म, १९५४ साली तो व्हिएन्नाला शिकायला गेला आणि पुढे जगभर नावाजला. त्यांच्यावर लिहिणारे पुष्कळ आहेत. मला आज सांगायचे आहे ते दुसऱ्याच एका माणसाविषयी. त्यांचे नाव तुम्हां सर्वांना पाठ आहे. फक्त असा कोणी हाडामांसाचा माणूस होऊन गेला, हे पुष्कळांना ठाऊक नाही.

वैशाखात आमच्या पेठेतून वरात चालली होती. बँडवाल्यांनी ते गाणे धरले, तेच ते, 'अमर अकबर अँथनी'मध्ये भल्यामोठ्या अंड्यातून बाहेर पडून अमिताभ आपले नाव सांगत नाचतो ते. नवरदेवाचे मित्र बेभान झाले. चौकात बँड विसाव्याला थांबला तेव्हा मी बँडमास्तरांना विचारले, "मास्तर, हा अँथनी गोन्साल्विस कोण हो?" त्यांनी माझ्याकडे अशा काही कीव आलेल्या नजरेने पाहिले! "अमिताभ की, काका. दुसरं कोण?"

दुसरे होते ते हे. अँथनी प्रभु गोन्साल्विस. जन्म १९२७, गाव दक्षिण गोव्यातले माजोर्डा. वडील चर्चमधल्या गायकवृंदाचे मास्तर. त्यांच्याकडूनच लहानपणी व्हायोलिन हाती आले. गोव्यात त्या काळी चर्चच्या शाळेत पोराला अक्षरओळखीबरोबर सुरांची ओळख करून देत, आणि तीही कागदावरच्या खुणांनी. आपल्याकडे संगीत कानातून गळ्यात जाते. तिथे ते डोळ्यांतून बोटांत जाई. समोर कागद ठेवा, पूर्वी कधी न ऐकलेली चाल पोरगा जागच्या जागी वाजवून दाखवी. या एका विद्येवर गोव्याची कितीतरी घरे जगली. आणि मुंबईचा सिनेमाही जगला, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

कारण मुंबईची अडचण अशी होती की संगीत दिग्दर्शक पेटीवर बसून झकास चाल बांधी, पण ती चाळीस-पन्नास वादकांकडून वाजवून घ्यायची कशी? व्हायोलिने केव्हा उठायची, ट्रंपेट कुठे बोलायचा, कडव्याच्या मधल्या जागेत काय भरायचे, हे सगळे कोणीतरी ठरवायला हवे, प्रत्येकाच्या पुढ्यात लिहून ठेवायला हवे आणि ध्वनिमुद्रणाच्या वेळी हाताने चालवायलाही हवे. हे काम करणाऱ्याला त्या धंद्यात 'अरेंजर' म्हणत. चाल दुसऱ्याची, अंगावरचा साजशृंगार याचा. शंकर-जयकिशन यांच्याकडे सेबॅस्टियन डिसोझा होते. आपल्या पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांकडे चिक चॉकलेट नावाचे गोवेकर ट्रंपेटवाले होते. १९५१ सालचा 'अलबेला' आठवा, म्हणजे या माणसांनी काय केले ते सांगावे लागणार नाही. आणि श्रेयनामावलीत? तिथे 'सहायक' एवढ्या एका शब्दाखाली दत्ताराम आणि सेबॅस्टियन दोघेही मावत. पुष्कळांच्या नशिबी तेवढेही नव्हते. मला ही गोष्ट खटकते. शालूची तारीफ करताना विणकराचे नाव घेत नाहीत हे खरे; पण तो विणकर जर सोलापूरचा असेल तर आपल्याला ते लागतेच ना!

अँथनी १९४३ साली, सोळाव्या वर्षी, मुंबईत आले आणि नौशादांकडे व्हायोलिन वाजवू लागले. पुढे 'महल', 'नया दौर' अशा कितीतरी चित्रपटांसाठी त्यांनी काम केले. शिकवण्याही चालू होत्या. रामप्रसाद शर्मा नावाच्या ट्रंपेटवादकाचा मुलगा त्यांच्याकडे व्हायोलिन शिकायला येई. मुलाचे नाव प्यारेलाल. हे नाव लक्षात ठेवा; त्याचे काम पुढे आहे.

पैसा मिळत होता, मान होता. पण या गृहस्थांच्या डोक्यात दुसरेच घोळत होते. ज्या विद्येने पोट भरते ती विद्या आणि ज्या देशात राहतो तिथले राग यांची सोयरीक जमवायची. दोन मिनिटांच्या गाण्यातली फोडणी म्हणून नव्हे, तर चांगले मोठे, भरघोस संगीत म्हणून. 'सोनाटिना इंडियाना', 'राग सारंगमधला कॉन्चेर्टो' अशा रचना त्यांनी केल्या.

हे किती अवघड आहे ते ज्यांच्या घरी पेटी आहे त्यांनी बसल्या बैठकीला करून पाहावे. सा, ग आणि प या तिन्ही पट्ट्या एकदम दाबा. कसा भरदार, पोटभर सूर निघतो! पाश्चात्य संगीताची इमारत अशा एकत्र वाजणाऱ्या सुरांवर उभी आहे. आता सारंग घ्या. वृंदावनी सारंगात गंधार नाही आणि धैवतही नाही. म्हणजे इमारतीचा पहिला दगड ठेवायला जावे, तर ग घेता येत नाही; आणि घेतला तर सारंग उरत नाही. बरे, ग वगळून नुसते सा आणि प धरले तर तो आपला तंबोरा झाला; त्यासाठी शंभर माणसे कशाला बसवायची? शिवाय मींड कागदावर कशी लिहिणार? गवयाचा आवाज एका सुरावरून दुसऱ्यावर ओघळतो तो केव्हा, किती, कुठे रेंगाळत, हे वीस व्हायोलिनवाल्यांनी एकाच श्वासात कसे करायचे? मी आमच्या भजनी मंडळाच्या पेटीवर एक संध्याकाळ ही खटपट करून पाहिली. शेवटी मृदंगवाल्याने विचारले, "पेटी बिघडली का?"

तर असल्या कामाला हात घालून अँथनी गोन्साल्विस यांनी १९५८ साली भारतीय सिंफनी वाद्यवृंद उभा केला. मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजच्या चौकात कार्यक्रम झाला. शंभराच्या वर वादक, बरेचसे सिनेमाच्या ध्वनिमुद्रणांतलेच. आणि गायला कोण? लता मंगेशकर आणि मन्ना डे! दिवसभर दुसऱ्यांच्या चालींसाठी वाजवणारी, पडद्यामागची ती सारी माणसे त्या संध्याकाळी उजेडात, लोकांसमोर बसली. रागांवर बांधलेले आपल्यातल्याच एकाचे संगीत त्यांच्या पुढ्यातल्या कागदांवर होते. मला विचाराल तर या माणसाच्या आयुष्याचा कळस तो.

पण शंभर माणसांचा संसार चालवायचा म्हणजे तालमीला जागा हवी, रोजचा मेहनताना हवा, मागे कोणी तरी धनी हवा. बैठकीच्या गाण्याला संस्थानिक होते, मग रेडिओ आला; सिनेमाला तिकीट खिडकी होती. या मधल्याच मुलखातल्या संगीताचा वाली कोण? शुद्ध पाश्चात्य ऐकणाऱ्याला ते देशी वाटावे आणि रागदारीवाल्याला सिनेमाचे, अशी ती गत असणार, असा माझा आपला तर्क आहे. १९६५ साली प्रवासवृत्ती मिळाली आणि अँथनी अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यातल्या सिरॅक्यूज विद्यापीठात गेले. काही वर्षांनी परत आले ते मुंबईच्या धामधुमीत नव्हे, थेट माजोर्ड्याला. सिनेमाचे दार त्यांनी पुन्हा फारसे ठोठावले नाही.

इकडे तो व्हायोलिन शिकणारा मुलगा लक्ष्मीकांत-प्यारेलाल या जोडीतला प्यारेलाल झाला होता. मनमोहन देसाईंच्या चित्रपटातल्या अँथनीचे आडनाव आधी फर्नांडिस ठरले होते, म्हणतात. गाण्याच्या वेळी प्यारेलालांनी आपल्या गुरूचे आडनाव सुचविले. १९७७ साली चित्रपट आला, आणि ज्यांचे नाव श्रेयनामावलीत क्वचितच दिसले असेल त्यांचे नाव किशोरकुमारच्या आवाजात काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत दुमदुमले. त्याच गाण्याच्या आरंभी अमिताभ तोंडाने जे अगडबंब इंग्रजी फेकतो त्याला लोक पोट धरून हसले, अजून हसतात. गुरूला अशी दक्षिणा क्वचितच कोणी दिली असेल. पण त्या दक्षिणेत सारंग नव्हता, झेवियर्सचा चौक नव्हता, हेही तितकेच खरे. नाव घरोघर पोचले आणि संगीत गोव्यातल्या एका घरात राहिले.

आपले चित्रपट-समीक्षक अशोक राणे यांनी या माणसावर एक माहितीपट केला. तो २०१० साली गोव्यातल्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात दाखवला गेला, अँथनी हयात असताना. उशिरा का होईना, त्यांच्या डोळ्यांदेखत झाले हे बरे झाले.

१८ जानेवारी २०१२ रोजी ते गोव्यात वारले. लग्नसराईचे दिवस. त्या रात्रीही कुठल्या ना कुठल्या वरातीत ते गाणे वाजले असणारच.