दुकानाचं दिवाळं आणि रांगेतला आपला नंबर

शेजारणीनं वाटीभर साखर नेली तरी ती आपल्या लक्षात राहते. पण दुकानात जाऊन काउंटरवर वीस हजार अ‍ॅडव्हान्स ठेवला आणि चिठ्ठी पर्समध्ये टाकली, की वस्तू आपली झाली असंच आपण धरून चालतो. ही समजूत किती महागात पडते, ते आमच्या शेजारच्या वहिनींच्या अनुभवावरून सांगते. सांगताना मला जरा ओशाळल्यासारखं होतं, कारण ते दुकान मीच त्यांना सुचवलं होतं.

वहिनींच्या मुलीला इंजिनिअरिंगला प्रवेश मिळाला. लॅपटॉप घ्यायचा होता. इथं नगरमध्येच संगणकाचं एक चांगलं चालणारं दुकान होतं. मालक बोलायला गोड. म्हणाले, "ऑफर संपायच्या आत वीस हजार भरून ठेवा, माल पुण्याहून निघालाय." वहिनींची भिशी नुकतीच लागली होती, ते पैसे त्यांनी भरले. हातात मिळाली लेटरहेडवरची एक चिठ्ठी : 'लॅपटॉपसाठी अ‍ॅडव्हान्स रु. २०,०००.' कोणता लॅपटॉप, काय नंबर, काही नाही.

आठ दिवस झाले, पंधरा झाले. "उद्या या" सुरू झालं. आणि एके दिवशी शटर खाली. वहिनी रडत आल्या म्हणून मी त्यांच्याबरोबर गेले. शटरवर बँकेची नोटीस चिकटवलेली आणि बाहेर माणसांचा घोळका. दोन महिने पगार न मिळालेला दुरुस्तीचा पोरगा, पुण्याच्या घाऊक व्यापाऱ्याचा माणूस, गाळ्याचे मालक, दिवाळीच्या फराळाची पाकिटं उधारीवर पुरवलेल्या बचत गटाच्या बाई, आणि आपला जुना संगणक दुरुस्तीला दिलेले एक निवृत्त गुरुजी.

वहिनी मला म्हणाल्या, "ताई, मी तर रोख पैसे मोजलेत. माझा नंबर आधी ना?"

नाही हो. दुःखाची गोष्ट अशी की, त्या घोळक्यात वहिनींचा नंबर जवळजवळ शेवटचा होता. का, ते नीट समजून घेऊ या.

दुकानातला माल बहुधा बँकेकडे नजरगहाण असतो. म्हणजे माल दिसतो दुकानात, पण कर्ज थकलं की त्यावर पहिला हात बँकेचा. दुकान जर कंपनीच्या नावावर असेल, तर २०१६ सालची नादारी व दिवाळखोरी संहिता लागू होते. कंपनी मोडीत निघाली की पैसे वाटायचा क्रम त्यात ठरवून दिलाय. आधी त्या प्रक्रियेचाच खर्च. मग तारण असलेली कर्जं आणि त्यांच्याच बरोबरीनं कामगारांचे मागच्या २४ महिन्यांचे पैसे. मग इतर नोकरांचे १२ महिन्यांचे पगार. मग विनातारण कर्ज देणारे. मग सरकारी देणी. आणि त्यानंतर 'बाकीची देणी'. माल पुरवणारे, फराळ देणाऱ्या बाई आणि आगाऊ पैसे भरणाऱ्या आपल्या वहिनी, ही सारी मंडळी इथं उभी. यांच्यामागे फक्त भागधारक.

दुकान एकट्याच्या मालकीचं असेल, बिलावर 'प्रोप्रायटर' लिहिलेलं असेल, तर मालकावर स्वतःवरच देणं येतं. पण त्यानं नादारी मागितली तर आपल्या जिल्ह्यात अजून १९२० सालचा प्रांतिक नादारी कायदाच चालतो, आणि आपलं येणं कोर्टापुढं आपणच सिद्ध करावं लागतं.

तुम्ही म्हणाल, छोट्या दुकानाचं ठीक आहे, मोठ्या कंपनीत असं होत नसेल. तर शेजारच्या छत्रपती संभाजीनगरचंच उदाहरण घ्या. व्हिडिओकॉनचा टीव्ही, वॉशिंग मशीन आपल्यापैकी कितीजणींच्या घरी होतं! चितेगावला त्यांचा मोठा कारखाना. २०१८ मध्ये ही कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. तिच्या गटातल्या तेरा कंपन्यांवर मान्य झालेले दावे होते ६४,८३८ कोटींचे. जून २०२१ मध्ये मुंबईच्या कंपनी न्यायाधिकरणानं जी योजना मंजूर केली, तीत देऊ केलेली रक्कम होती २,९६२ कोटी. शंभर रुपयांमागे पाच रुपयेसुद्धा नाहीत. आणि माल व सेवा पुरवणाऱ्या लहान धंदेवाल्यांच्या वाट्याला? शंभरामागे ७२ पैसे! या लहान उद्योगांना इतकं कमी मिळतंय, ते वाढवा, असं न्यायाधिकरणानंही सुचवलं होतं. पुढे जानेवारी २०२२ मध्ये अपिलात ती मंजुरी रद्द झाली, पण रांगेच्या शेवटी उभं राहणं म्हणजे काय, ते त्या ७२ पैशांत कळतं.

आपल्या नगरकरांना एक दुसरी रांगही चांगलीच ठाऊक आहे. नगर अर्बन बँकेवर डिसेंबर २०२१ मध्ये निर्बंध आले, दहा हजारांवर पैसे काढता येईनात, आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेनं परवानाच रद्द केला. किती घरांतली लग्नं, आजारपणं त्यात अडकली. पण तिथं निदान पाच लाखांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं कवच आहे. दुकानात भरलेल्या अ‍ॅडव्हान्सला असं कोणतंच कवच नाही. बँकेत ठेव ठेवताना आपण चारजणांना विचारतो, दुकानात मात्र बिनविम्याची ठेव ठेवून हसत घरी येतो. हा फरक मनात पक्का धरून ठेवा.

आता गुरुजींचं काय झालं ते ऐका. त्यांना त्यांचा संगणक परत मिळाला. त्यांच्या पावतीवर मशीनचा सिरियल नंबर होता. दुरुस्तीला दिलेली वस्तू दुकानदाराच्या मालकीची होत नाही, ती आपलीच राहते, त्यामुळे देणेकऱ्यांच्या वाटणीत ती येत नाही. म्हणजे गुरुजी रांगेत नव्हतेच! वहिनींनी तोच लॅपटॉप डोळ्यांसमोर निवडून, त्याच्या नंबरासह आपल्या नावाचं बिल करून घेतलं असतं, तर त्यांनाही 'ही वस्तू माझी आहे' असं म्हणता आलं असतं. नुसत्या अ‍ॅडव्हान्सच्या चिठ्ठीनं त्या खरेदीदार झाल्या नाहीत, सावकार झाल्या. आणि तेही बिनतारणी, बिनव्याजी सावकार!

तेव्हा मैत्रिणींनो, एवढ्या गोष्टी वहीत टिपून ठेवा :

१. शक्यतो वस्तू हातात आल्यावरच पैसे द्या. अ‍ॅडव्हान्स द्यावाच लागला तर पाचशे-हजारांवर जाऊ नका. "सगळ्यांचेच घेतो" म्हणाले तर दुसरं दुकान बघा.

२. बिलावर जीएसटी नंबर, मॉडेल, सिरियल नंबर आणि तारीख हवीच. कंपनीची वॉरंटी दुकान बंद पडलं तरी टिकते, पण बिल असेल तरच. दुकानदारानं स्वतःच्या नावानं विकलेली 'तीन वर्षं मोफत सर्व्हिस' मात्र दुकानाबरोबरच जाते.

३. दुरुस्तीला काही दिलं की सिरियल नंबर घातलेली पावती घ्या आणि आतली माहिती आधी उतरवून ठेवा.

४. पैसे परत म्हणून चेक मिळाला आणि तो वटला नाही, तर स्वस्थ बसू नका. बँकेचा मेमो आल्यापासून तीस दिवसांत लेखी नोटीस गेली पाहिजे. त्यानंतर पंधरा दिवसांत पैसे आले नाहीत तर पुढच्या महिन्याभरात कोर्टात तक्रार करता येते.

५. दुकान चालू आहे तोवरच हालचाल करा. १९१५ या ग्राहक मदत क्रमांकावर फोन करा. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, मुदत दोन वर्षांची असते. कंपनीची दिवाळखोरी एकदा सुरू झाली की तिच्यावरचे असे दावे थांबतात.

६. कंपनी असेल तर वर्तमानपत्रातल्या जाहीर नोटिशीकडे लक्ष ठेवा. मराठी पेपरातही ती येते. दावा दाखल करायला साधारण चौदाच दिवस असतात. थोडं मिळो वा न मिळो, नाव नोंदवलं नाही तर रांगेतही जागा नाही.

७. बचत गटाच्या भगिनींनी उद्यम नोंदणी जरूर करावी. २००६ च्या कायद्यानं अशा लहान उत्पादकांचं बिल ४५ दिवसांत चुकतं व्हायला हवं, नाहीतर व्याज मागता येतं. आणि पहिलं बिल आल्याशिवाय दुसरी ऑर्डर उधारीवर देऊ नये.

वहिनींचे वीस हजार अजून आलेले नाहीत. ग्राहक आयोगात तक्रार घातलीय, तारखा पडताहेत. पैशांपेक्षा त्यांना दुसरंच लागलंय. त्यांनी चार महिने ही गोष्ट घरात कुणाला सांगितली नाही. "बाईमाणसानं व्यवहार केला की असंच होतं" हे ऐकावं लागेल, या भीतीनं. मुलगी पहिलं सत्र मैत्रिणीच्या लॅपटॉपवर रात्री उशिरापर्यंत बसून काढत होती, तरी आई गप्प.

मी त्यांना म्हटलं, "वहिनी, त्या घोळक्यात पुण्याचे मुरलेले व्यापारी होते, तेही फसलेच की. यात बाई-पुरुषाचा काय संबंध?" परवा त्यांनी हप्त्यावर लॅपटॉप घेतला. खोका उघडून, नंबर बिलाशी ताडून पाहिला आणि मगच पैसे दिले. दुकानदार हसला म्हणे. हसू दे!