पोत्यावरची सही

भावांनो, बायांनो, आधी एक सही पाहा.

आमच्या राईस मिलमधी माझ्याबरोबर एक हमाल आहे. पाठीवर धानाचं पोतं, अंगभर कोंडा. हा माणूस एका गावचा सरपंच आहे. गावाचं नाव सांगत नाही. आपापल्या गावाचं घाला. पंचायतीचं रजिस्टर मिलच्या दारात येतं. तो हात पुसतो, रजिस्टर पोत्यावर ठेवतो, बोट दाखवलं तिथं सही करतो. मी म्हटलं, "काहून वाचत नाहीस गा?" तर म्हणे, "वाचलं तर अविश्वास येते भाऊ. मंग बायकोले रोवणीवर कोण बलावन?"

याला म्हणे सत्तेत वाटा मिळाला!

73 वी घटनादुरुस्ती 24 एप्रिल 1993 ला लागू झाली. गावागावांत खुर्च्या राखीव झाल्या. खरं आहे. पण खुर्चीवर आपल्यातला कोण बसवायचा, हे कोण ठरवतं?

हा सवाल आमच्या मातीत जुना आहे. मी फुलचूरचा, गोंदियाला चिकटलेलं गाव. 1 मे 1999 पर्यंत आम्ही भंडारा जिल्ह्यातच. त्याच भंडाऱ्यात मे 1954 ला लोकसभेची पोटनिवडणूक झाली. मतदारसंघ दोन जागांचा: एक सर्वसाधारण, एक राखीव. मतदाराला दोन मतं. राखीव जागेवर खुद्द बाबासाहेब उभे. निकाल काय? सर्वसाधारण जागेवर लोकांनी काँग्रेसला पाडलं, समाजवादी अशोक मेहता निवडले. अन् राखीव जागेवर काँग्रेसचेच भाऊराव बोरकर निवडून आणले! राज्यघटना लिहिणारा माणूस सुमारे 8 हजार मतांनी पडला. काँग्रेस नको होती, पण आंबेडकर त्याहून नको होते.

याचं मूळ येरवड्यात. ऑगस्ट 1932 च्या निवाड्यात स्वतंत्र मतदारसंघ मिळाले होते: आपला माणूस आपणच निवडायचा. गांधींनी उपोषण मांडलं. 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. 71 च्या जागी 148 जागा आल्या, अन् निवड गेली. चार नावं आपण काढायची, त्यातून एक सगळ्यांनी निवडायचा. पुढं स्वातंत्र्य आलं, ती चार नावंही गेली. 1947 मध्ये बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ पुन्हा मागितले. कुणी ऐकलं?

हे फक्त इथंच घडतं असं समजू नका. मध्य अमेरिकेत ग्वाटेमाला देश आहे. 1985 ची राज्यघटना, चार वर्षांचा राष्ट्राध्यक्ष, थेट लोकांच्या मतानं. कागद झकास! शंभरात चाळीसच्या वर लोक माया आदिवासी. त्यांच्यातली रिगोबेर्ता मेंचू, मजुराची पोर, 1992 ला शांततेचं नोबेल मिळवते. 2007 ला राष्ट्राध्यक्षपदाला उभी राहते. मतं? शंभरात तीन! त्याच देशात 1952 ला आर्बेन्झ सरकारनं भूमिहीनांना पडीक जमीन वाटायला घेतली. जून 1954 ला, आमच्या भंडाऱ्याच्या पुढच्याच महिन्यात, अमेरिकेच्या हेरखात्यानं ते सरकार उलथवलं. वाटलेली जमीन परत गेली. जमीन ज्याच्या हातात, मत त्याच्या दारात. तिथंही, इथंही.

पुणे कराराला 50 वर्षं झाली तेव्हा, 1982 मध्ये, कांशीराम यांनी 'चमचा युग' लिहिलं. चमचा हा शब्द दिल्ली-मुंबईत मिरवणाऱ्यांना शोभतो. माझ्या हमाल दोस्ताला मी चमचा म्हणणार नाही. त्याची मान पोत्याखाली आहे.

आता कुणी शहाणा म्हणेल, मग आरक्षण काढून टाका. अरे, खुर्ची ओढून घ्यायला तू टपूनच बसलास! खुर्ची सोडणार नाही. तिच्यावर बसवणारा हात बदलायचा आहे.

कायदा बदलायला वेळ लागेल. तोवर एवढं करा. राखीव जागेचा उमेदवार विहारातल्या बैठकीत ठरू द्या, कुणाच्या वाड्यावर नाही. रजिस्टर मिलवर नाही, ग्रामसभेत उघडा, मोठ्यानं वाचा. अन् वाचल्याबद्दल ज्याच्या घरची रोवणी तुटेल, त्याच्या चुलीसाठी वस्तीनं पायली-पायली धान काढा. नाहीतर वाच म्हणायचा आपल्याला काय हक्क?

परवा रजिस्टर पुन्हा आलं. मी पोतं खाली टाकलं, त्याच्याजवळ उभा राहिलो. म्हटलं, "वाच. मी हाओ."

त्यानं पहिली ओळ वाचली.

जय भीम.