जाहीर आवाहन : कागदांची पाखाडी आईने एकटीने का चढावी?

रत्नागिरी जिल्ह्यातले वाडीवाडीचे ग्रामस्थ, मुंबईकर चाकरमानी, ग्रामपंचायत सदस्य, गुरुजी, आशाताई आणि माझ्यासारखे पालक, हे आवाहन तुम्हा सर्वांना आहे.

माझी मुलगी अकरा वर्षांची आहे. तिला सेरेब्रल पाल्सी आहे, ती चालत नाही. आमचं घर रस्त्यापासून बरंच खाली. ती लहान होती तेव्हा कडेवर घेऊन पाखाडी चढायचे, आता पाठुंगळीला घेते. पायांना सवय झाली आहे. मला दमवलं ते कागदांनी. मध्यंतरी तिचं अनुदान सात महिने बंद होतं. कारण एवढंच की तिचा दिव्यांगत्वाचा दाखला मुदतीचा होता आणि मुदत टळून गेली होती. हे कळायला मला तीन खेपा पडल्या आणि खेपेगणिक काजू कारखान्यातली एक दिवसाची रोजी बुडाली.

गाऱ्हाणं आपण देवळात घालतो. हे मी तुमच्यापुढे मांडते आहे, कारण जे अडलं आहे ते सोडवणं तुमच्या-माझ्या हातात आहे. आमच्या मुलांसाठी योजना आहेत. घरापासून त्या योजनेपर्यंतची वाट तेवढी मोडकी आहे.

आधी काय मिळू शकतं ते पाहू.

दिव्यांग प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) ही पहिली पायरी. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगता धरली आहे. स्वमग्नता, थॅलेसेमिया, सिकलसेलही त्यात येतात. ‘आमच्या पोराला हातपाय आहेत, त्याला कोण दाखला देणार?’ असं म्हणून घरी बसू नका.

संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांना ऑक्टोबर २०२५पासून दरमहा २,५०० रुपये मिळतात, आधी १,५०० होते. दिव्यांगत्व किमान ४० टक्के आणि घरचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांच्या आत हवं. अर्ज तहसील कार्यालयात करायचा. मूल अल्पवयीन असेल तर पालकाने. एवढ्यात घर चालत नाही, पण फिटच्या गोळ्या आणि डायपर उधारीवर आणावे लागत नाहीत.

निरामय आरोग्य विमा राष्ट्रीय न्यासाचा आहे. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक दिव्यांगता आणि बहुदिव्यांगता असलेल्यांना त्यात वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळतं. दवाखान्यात दाखल न होता घेतलेले उपचार आणि थेरपीही, ठरलेल्या मर्यादेत, त्यात बसते.

ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करायचा असतो. म्हणजे तुम्ही भरलेल्या घरपट्टीतही या मुलांचा वाटा आहे.

शाळेत ६ ते १८ वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क आहे. समग्र शिक्षा अभियानातून प्रवास भत्ता, मदतनीस भत्ता आणि दिव्यांग मुलींना दरमहा २०० रुपयांप्रमाणे दहा महिने प्रोत्साहन भत्ता मिळण्याची तरतूद आहे. एसटीतही भाड्यात ७५ टक्के सवलत आहे.

आई किंवा वडील सरकारी नोकरीत असतील तर आणखी एक. स्वतः कमावू न शकणाऱ्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांमागे हयातभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकतं. आपण आहोत तोवरच त्याची नोंद करून घ्या. आईवडील नोकरीत असोत वा नसोत, निरामयच्या चार प्रकारांतलं मूल अठरा वर्षांचं झालं की कायदेशीर पालकत्वासाठी जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे अर्ज करता येतो. ‘आपल्यामागे हिचं कोण?’ या प्रश्नाने झोप उडालेल्यांनी हे लक्षात ठेवावं.

आता आवाहन.

पालकांनो, एक फाईल करा. दाखला, यूडीआयडी कार्ड, आधार, रहिवासी आणि उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, बँकेचं पासबुक, सगळ्याच्या दोन-दोन प्रती. लहान मुलांना बहुधा मुदतीचाच दाखला मिळतो. ती तारीख कालनिर्णयवर लाल पेनाने लिहा. अनुदान आता थेट खात्यात येतं, तेव्हा खातं आधारशी जोडलं आहे का ते बँकेत विचारा. हयातीचा दाखला दरवर्षी मार्चच्या आत द्या. आणि पाहुणे आले की मुलाला मागच्या पडवीत नेऊन बसवू नका. जे मूल गावाला दिसत नाही, ते यादीतही येत नाही.

आशाताई, अंगणवाडीताई, ‘पोरगं उशिरा बोलेल, बापही उशिराच बोलला होता’ यावर विसंबू नका. अंगणवाडीत तपासणीचं पथक येईल तेव्हा अशा मुलाला हटकून पुढे करा. पहिली काही वर्षं गेली की ती परत मिळत नाहीत.

सरपंच आणि सदस्यहो, २६ जानेवारीच्या ग्रामसभेत आमच्यातलं कुणीतरी उभं राहून विचारेल : गेल्या वर्षी ५ टक्के म्हणजे किती रुपये झाले, आणि ते कुणाला मिळाले? रागावू नका. उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या आणि यंदाची यादी मार्चअखेरची घाई सुरू होण्याआधीच करा.

मुंबईकर मंडळांनो, देवळाच्या जीर्णोद्धाराला तुम्ही कधी हात आखडता घेतला नाहीत. वर्षातून एक दिवस दाखल्याच्या तपासणीला जायला गाडीचं भाडं द्या. मंडणगडच्या वाडीतून लेकराला घेऊन जिल्ह्याच्या रुग्णालयात जायचं म्हणजे पहाटे निघून रात्री परतायचं. आसपासच्या चार वाड्यांतली मुलं एकाच गाडीतून गेली तर चार आयांचं काम एका दिवसात होतं. निघण्याआधी तपासणीचा वार मात्र फोनवर विचारून घ्या.

ज्यांना पुढची वाट शोधायची आहे, त्यांच्यासाठी ती जिल्ह्यातच आहे. रत्नागिरीत आविष्कार संस्थेची सविता कामत विद्यामंदिर ही शाळा आणि शामराव भिडे कार्यशाळा आहे. मंडणगड तालुक्यात घराडीला स्नेहज्योती अंध विद्यालय आहे. एकदा जाऊन या. तिथे भेटणारे पालक जे सांगतील, ते कुठल्याही फलकावर लिहिलेलं नसतं.

आणि वाडीतल्या शेजाऱ्यांनो, तुमच्याकडे पैसे मागत नाही. एका घराला एक सोबती मिळू द्या. निवृत्त गुरुजी चालतील, कॉलेजात जाणारा पोरगा चालेल. अर्ज भरता यावा, पोच मागून घेता यावी, पुढची तारीख लक्षात राहावी, इतकं पुरे.

मागच्या खेपेला दाखल्याच्या नूतनीकरणाला आमच्या वाडीतले निवृत्त पोस्टमनकाका माझ्यासोबत आले होते. ते रांगेत माझ्या जागी उभे राहिले. तेवढ्या वेळात मी बाकावर बसून लेकीला पेज भरवली. नंबर आला तेव्हा तिचं पोट भरलेलं होतं आणि डॉक्टरांकडे बघून ती हसली.

प्रत्येक वाडीत असं कुणीतरी रांगेत उभं राहावं, एवढंच मागणं आहे.

आपली,
संगमेश्वर तालुक्यातली एक आई