नैवेद्याची वेळ आणि गोळीची वेळ

महालक्ष्म्यांचे विसर्जन होऊन आता पंधरवडा उलटत आला आहे. मुखवटे मऊ कापडात गुंडाळून पेटीत गेले, फुलोऱ्यातील शेवटची करंजी नातवंडांनी संपवली. आमच्या घरात एक जुनी डायरी आहे. पुरणाला डाळ किती लागली, पाने किती उठली, कोणती भाजी उरली, कोणती पुरली नाही, हे सासूबाई दर वर्षी तीत लिहून ठेवीत. त्यांच्या पश्चात ते काम माझ्याकडे आले. एरवी मी ते विसर्जनाच्या रात्रीच उरकते. यंदा मात्र ते पान कितीतरी दिवस कोरे राहिले. काय लिहावे, हे मला ठाऊक होते, लिहवत नव्हते.

वाचकहो, या सदरातून गेली काही वर्षे मी आपणांस वेळेवर खा, वेळेवर औषध घ्या, असे सांगत आले आहे. छावणीतील माझ्या दवाखान्यात तर दिवसातून वीस वेळा सांगते. तेच माझ्या घरात, माझ्या डोळ्यांदेखत, माझ्याच यजमानपदाखाली पाळले गेले नाही. म्हणून आज हे पान आपल्यासमोरच लिहिते.

१ सप्टेंबर, सोमवार. ज्येष्ठा नक्षत्रावरील पूजनाचा दिवस. मराठवाड्यात या दिवसाचे जेवण म्हणजे वर्षातील सर्वांत मोठा स्वयंपाक. सोळा भाज्या, पुरणपोळी, कटाची आमटी, कढी, भजी, वडे, पंचामृत, अंबील, खीर आणि आरतीसाठी पुरणाचे दिवे. भाज्या आम्ही गुरुवारीच छावणीच्या आठवडी बाजारातून आणल्या होत्या. पाने बावीस मांडायची होती. नैवेद्य बाराला दाखवायचा, असे ठरले होते. प्रत्यक्षात पुरण शिजायला वेळ लागला, ऐन पोळ्यांच्या वेळी सिलिंडर संपला, आणि गुरुजी आधीच्या दोन घरांतून निघता निघता उशिरा पोहोचले. यांपैकी एकही गोष्ट नवी नाही. दर वर्षी यांतले काही ना काही घडतेच. तरीही आपण दर वर्षी बाराच म्हणतो.

जालन्याहून माझ्या आत्यासासूबाई आल्या होत्या. वय एकोणऐंशी. मधुमेह वीस वर्षांचा, रक्तदाबही आहे. औषधांची डबी त्यांनी स्वतः सोबत आणली होती आणि ती त्या अत्यंत शिस्तीने घेतात. त्या दिवशीही पहाटे स्नान करून, आठ वाजता बिनसाखरेच्या चहाबरोबर त्यांनी सकाळची गोळी घेतली. ग्लिमेपिराईड आणि मेटफॉर्मिन यांची ती जोडगोळी. चिठ्ठीवर ‘नाश्त्यापूर्वी’ असे लिहिलेले होते. गोळी झाली, नाश्ता मात्र झाला नाही. नैवेद्याआधी तोंडात काही घालायचे नाही, हा त्यांचा लग्नापासूनचा नेम. मी विचारले, त्या म्हणाल्या, “सूनबाई, बारा तर वाजतीलच आता.” मी पुरणाकडे वळले.

पावणेदोनच्या सुमारास त्या विडे लावीत बसल्या होत्या. पाने उलटसुलट दुमडू लागल्या. माझ्या पुतण्यावर विनाकारण खेकसल्या. तो त्यांचा सर्वांत लाडका. मग मला त्यांच्या दिवंगत बहिणीच्या नावाने हाक मारली. कोणी हसले, कोणी “वय झाले” म्हणाले. कपाळावर घामाचे थेंब होते, पण स्वयंपाकघरातून येणाऱ्या वाफेत घाम कोणाला नव्हता? त्या काहीतरी तुटक बोलू लागल्या, तेव्हा शेजारच्या एक बाई हात जोडून हळूच म्हणाल्या, “देवीच आल्या बहुतेक अंगात.”

त्या बाईंचा मला राग आला नाही. त्यांच्या भाबडेपणाला निदान श्रद्धेचा आधार होता. माझ्याकडे अठ्ठावीस वर्षांचा दवाखाना होता, आणि मी हातातले पुरण वाटत राहिले होते. ग्लुकोमीटर आणून बोटाला टोचले, तेव्हा आकडा आला ४६.

रक्तातील साखर ७०च्या खाली गेली की तिला आपण कमी म्हणतो, आणि ५४च्या खाली ती मेंदूच्या कामात अडथळा आणू लागते. तरुण माणसाला अशा वेळी हात थरथरणे, धडधडणे, कडकडून भूक लागणे अशा सूचना आधी मिळतात. वृद्धांमध्ये या सूचना पुष्कळदा मिळतच नाहीत. थेट गोंधळ, चिडचिड, जड जीभ, पेंग किंवा तोल जाणे दिसते. आत्याबाईंच्या बाबतीत आणखी एक कारण होते. रक्तदाबासाठी त्या मेटोप्रोलॉल घेतात. या वर्गातील औषधे धडधड आणि थरथर झाकून टाकतात. घाम मात्र सहसा झाकला जात नाही. म्हणून मधुमेही वृद्ध माणूस अवेळी घामेजला आणि त्याचे बोलणे बदलले, तर त्याला आधी बोट टोचून पाहावे. मीटर हाताशी नसेल तर साखर कमीच आहे असे धरून चालावे. अर्धांगवायूची लक्षणेही अशीच दिसू शकतात, म्हणून साखर देऊनही फरक पडला नाही तर वेळ दवडू नये.

त्या क्षणी आणखी एक चूक घडता घडता राहिली. साखर कमी झाली म्हणताच माझी जाऊ तुपात न्हालेली पुरणपोळी घेऊन धावत आली. गोड ते गोड, असे तिला वाटणे स्वाभाविक होते. पण तूप आणि डाळ यांमुळे ती साखर रक्तात पोहोचायला वेळ लागतो, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या घशात घास अडकण्याचे भय वेगळेच. अशा वेळी साधे साखरपाणी हवे. तीन ते चार लहान चमचे साखर अर्ध्या भांडे पाण्यात विरघळवून, माणूस नीट बसून गिळू शकत असेल तरच, घोट घोट द्यावी. पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासावे. आकडा सत्तरच्या वर नसेल तर तेवढीच साखर पुन्हा द्यावी. सावरल्यावर लगेच भात, पोळी असे टिकणारे अन्न द्यावे. शुद्ध हरपली असेल तर मात्र तोंडाने एक थेंबही घालू नये. कुशीवर वळवावे आणि १०८ ला फोन करावा.

येथे एक बारकावा सांगते, कारण तो चिठ्ठी देताना सांगायचा राहून जातो. ज्यांच्या गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज हा घटक आहे, त्यांच्या आतड्यात साध्या साखरेचे विघटन मंदावलेले असते. त्यांना साखरपाण्याचा गुण उशिरा येतो. त्यांच्यासाठी औषधाच्या दुकानात मिळणारी ग्लुकोजची पूड घरात असायला हवी. आपल्या गोळीच्या पाकिटावर काय लिहिले आहे, ते एकदा नातवाकडून वाचून घ्यावे.

आत्याबाई पंधरा मिनिटांनी ६१ वर आल्या, पुन्हा साखरपाणी दिले, आणि थोड्या वेळाने ९४. वरण-भात कालवून भरवला. ग्लिमेपिराईडचा परिणाम दिवसभर राहू शकतो, मूत्रपिंड मंद असेल तर त्याहूनही अधिक. म्हणून एकदा साखर वर आली की काम झाले, असे या गोळीच्या बाबतीत कधीही समजू नये. मी घरात डॉक्टर नसते, तर त्यांना रुग्णालयात निरीक्षणाखाली ठेवायलाच सांगितले असते. दर दोन-तीन तासांनी तपासत राहिले, पहाटे तीनलाही उठले.

नैवेद्य अखेर अडीचला झाला. पाने वाढली, पंगत बसली, पुरण उत्तम जमले असे सगळे म्हणाले. आत्याबाई मात्र आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून होत्या. जीव वाचला याचे त्यांना काहीच वाटत नव्हते. “साठ वर्षांत पहिल्यांदा उष्ट्या तोंडाने महालक्ष्म्यांपुढे बसले मी,” एवढेच त्या म्हणाल्या. मी त्यांना शरीरधर्माचे दोन शब्द सांगायला गेले आणि थांबले. त्यांना त्यांची साखर किती होती, याचे दुःख नव्हते.

आपण काळजीवाहू मंडळी येथेच चुकतो. “आजी, तुम्हाला उपास चालत नाही, तुम्ही खाऊन घ्या,” असे म्हणून आपण मोकळे होतो. सगळे घर नेम पाळते आहे आणि आपल्याला तेवढे वगळले, हे ज्याला वगळले त्यालाच बोचते. मग ती व्यक्ती गुपचूप गोळी घेते आणि गुपचूप उपाशी राहते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांच्यापाशी बसले आणि सरळ विचारले, “आत्याबाई, पुढच्या वर्षी कसे करू या?” त्यांनी थोडा विचार केला आणि मला न सुचलेली वाट काढली. आवाहनाच्या संध्याकाळी आपण भाजी-भाकरीचा नैवेद्य दाखवतोच की नाही? मग पूजनाच्या सकाळी आठला तसाच छोटा नैवेद्य दाखवायला काय हरकत? ज्यांना गोळी आहे त्यांनी तो प्रसाद म्हणून खावा. मोठा नैवेद्य मग बारा वाजता होवो नाहीतर तीन वाजता. डायरीच्या पानावर मी हा पहिला ठराव लिहिला आहे.

बाकीचे ठराव माझे. येणाऱ्या प्रत्येक वडीलधाऱ्या पाहुण्याला चार दिवस आधी फोन करायचा, आणि “काय खाल?” एवढेच न विचारता “कोणती गोळी, कोणत्या वेळी?” हेही विचारायचे. त्यांनी त्यांच्या डॉक्टरांना त्या एका दिवसापुरते काय करायचे ते आधीच विचारून यावे. मनाने गोळी टाळणे किंवा निम्मी करणे नको. जेवणाआधीचे इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर पान समोर वाढल्यावरच सुई टोचावी, पाने मांडताहेत एवढे ऐकून नव्हे. दिवसातून एकदा घ्यायचे दीर्घकाळ टिकणारे इन्सुलिन मात्र परस्पर बंद करू नये. त्याचा निर्णय डॉक्टरांचा.

यंदा वृद्धांना आम्ही टेबल-खुर्ची दिली, पण ती मागच्या खोलीत. माझ्या यजमानांचे काका या “म्हाताऱ्यांच्या खोलीत” बसायला तयार झाले नाहीत. हट्टाने खाली पाटावर बसले, आग्रहाला बळी पडून तिसरी पोळी घेतली, आणि उठताना डोळ्यांपुढे अंधारी येऊन भिंतीला धरून उभे राहिले. भरपेट जेवणानंतर पचनासाठी रक्त पोटाकडे वळते आणि वृद्धांचा रक्तदाब तास-दोन तास खाली राहू शकतो. त्यातच त्यांनी रक्तदाबाची गोळी जेवायला बसण्यापूर्वी घेतली होती. पुढच्या वर्षी टेबल पुढच्या खोलीत, महालक्ष्म्या समोर दिसतील असे लागेल, आणि वृद्धांची पंगत पहिली असेल. जेवण झाल्यावर दहा-पंधरा मिनिटे कोणी त्यांना उठवणार नाही. न्हाणीघराकडे जाणारी वाट मोकळी असेल. यंदा तेथे पातेल्यांची उतरंड होती. पाहुण्याघरी सारखे उठावे लागू नये म्हणून पाणीच न पिणारे वृद्ध मी दवाखान्यात नेहमी पाहते.

पुरणपोळीविषयी मला दर वर्षी विचारतात. गूळ चालतो, साखर चालत नाही, या समजुतीला आधार नाही. गूळ ही बव्हंशी साखरच आहे आणि पुरणात तो डाळीच्या बरोबरीने पडतो. पण मधुमेह्यांसाठी वेगळी, बिनगोडाची पोळी लाटायची कल्पना आत्याबाईंनी एका वाक्यात निकालात काढली: “औषधाची पोळी नको मला.” ते मला पटले. तळहाताएवढी एक पोळी, आधी भाज्या आणि कोशिंबीर, भात थोडा, आणि दुसऱ्या पोळीचा आग्रह करणाऱ्याला मी ओळखते असे सांगून ठेवायचे. लोणचे, पापड, पंचामृत यांतले मीठ हृदयविकाराच्या रुग्णांनी विसरू नये. ज्यांना मूत्रपिंडाच्या विकारामुळे भाज्यांचे पथ्य आहे, त्यांनी सोळा भाज्यांची नुसती चव घ्यावी.

आणखी एक नोंद, जी डायरीत आजवर कोणीच केली नव्हती. माझी जाऊ त्या दिवशी संध्याकाळी पाचला जेवली. ती स्वतः घरी अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा करते. रात्री डोके धरून बसली होती. पुढच्या वर्षी वृद्धांच्या पहिल्या पंगतीत प्रत्येकाशेजारी त्यांचा सांभाळ करणारी व्यक्तीही जेवायला बसेल. वाढायला पुरुष मंडळी आहेत.

हे सारे पुढच्या भाद्रपदासाठीच आहे असे मात्र समजू नका. सध्या पितृपक्ष चालू आहे. श्राद्धाची पाने दुपार कलल्यावरच वाढली जातात, आणि त्या घरांतही सकाळी आठची गोळी आठलाच घेतली जाते. या आठवड्यात माझ्याकडे दोन आजोबा याच कारणाने येऊन गेले.

काल जालन्याहून आत्याबाईंचा फोन आला. त्यांच्या डॉक्टरांनी सकाळची गोळी बदलून दिली आहे, ते नाव त्यांनी मला अक्षर अक्षर सांगून डायरीत लिहायला लावले. पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येत असल्याने गणपती १४ सप्टेंबरला बसतील आणि महालक्ष्म्या त्याच आठवड्यात येतील, हे त्यांनी पंचांगात पाहून ठेवले आहे. “आणि आणखी एक लिही,” त्या म्हणाल्या, “सकाळच्या नैवेद्याला भाकरी ज्वारीची. तुझ्याकडची बाजरीची मला चावत नाही.”

लिहून घेतले.