कारिवणा : अंगणात हवा, औषधाच्या जागी नको

पावसाळा सुरू झाला की ओहोळाच्या काठी, भातखाचरांच्या बांधांवर कारिवणा पसरू लागतो. कोकणात काही ठिकाणी यालाच एकपानी म्हणतात, तर बाजारात तो ‘ब्राह्मी’ या नावाने मिळतो. खरे तर ब्राह्मी या एका नावाने दोन वनस्पती ओळखल्या जातात. कारिवण्याचे पान गोलसर आणि कडेने दातेरी असते. नीरब्राह्मीची पाने मात्र लहान, लांबट व मांसल असतात. नेमकी ओळख पटल्याखेरीज कोणतेही पान खाऊ नये.

कारिवण्याची लागवड सोपी आहे. मुळे फुटलेला धावता देठ आणून सावलीच्या, ओलसर जागी लावावा. ओल टिकली तर तो बारमाही हिरवा राहतो. जव्हार-मोखाड्यात उन्हाळ्यात पाण्याची टंचाई असते; तेव्हा खाली भोके पाडलेल्या जुन्या घमेल्यात लावून तांदूळ किंवा भाजी धुतलेले पाणी घालावे. साबणाचे पाणी घालू नये. गटाराकाठची किंवा गुरे बसतात तेथील पाने खुडू नयेत, कारण दूषित पाण्यातील जंतू व परजीवी पानांना चिकटलेले असू शकतात. घरची पानेही वाहत्या स्वच्छ पाण्यात दोन-तीनदा धुवावीत.

दहा-बारा पाने, ओले खोबरे, थोडी मिरची व लिंबू यांची चटणी नागलीच्या भाकरीबरोबर रुचकर लागते. दात नसलेल्यांसाठी ती बारीक वाटावी आणि रक्तदाब असल्यास मीठ बेताचे घालावे. श्रीलंकेत याच पानांची खोबरे घातलेली कोशिंबीर नित्य जेवणात असते. आठवड्यातून दोनदा एवढे खाणे पुरेसे आहे.

अडचण येते ती भाजीचे औषध केल्यावर. आजोबा विसरू लागले की रोज वाटीभर रस पाजला जातो आणि तपासणी महिनोन्‌महिने लांबते. स्मृतिभ्रंश या पानांनी बरा होतो, असा खात्रीलायक पुरावा नाही. उलट ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचे विकार, नैराश्य, कमी ऐकू येणे किंवा झोपेच्या गोळ्या यांमुळे होणारे विसरणे वेळीच उपचार केल्यास बरेचसे सुधारू शकते. त्यासाठी प्रथम साध्या रक्तचाचण्या आणि चालू गोळ्यांची यादी डॉक्टरांना दाखवणे आवश्यक आहे.

यकृताचा विकार असलेल्यांनी व गरोदर स्त्रियांनी रस, चूर्ण वा गोळ्या घेऊ नयेत. अशा सेवनानंतर यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. झोपेच्या किंवा फिट्सच्या गोळ्या चालू असल्यास गुंगी वाढू शकते, म्हणून आधी डॉक्टरांना विचारावे.

एक गोष्ट घरातील सर्वांनी ध्यानात ठेवावी. वृद्ध व्यक्ती काही तासांत किंवा एक-दोन दिवसांत अचानक गोंधळली, असंबद्ध बोलू लागली, तर ते वयाचे विसरणे नसते. साखर उतरणे, जंतुसंसर्ग, क्षारांचा असमतोल किंवा पक्षाघात यांची ती खूण असू शकते. अशा वेळी रस वाटत बसू नये. १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी आणि जव्हारचे कुटीर रुग्णालय अथवा मोखाड्याचे ग्रामीण रुग्णालय, जे जवळ असेल ते, तातडीने गाठावे.